निळ्या पेशींचा माग
शुक्राणू ज्या मूळ पेशींपासून घडतात, त्या वृषणात फार थोड्या असतात आणि नुसत्या पाहून ओळखूही येत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील राल्फ ब्रिन्स्टर यांनी त्यावर सुरेख तोड काढली. जीवाणूचा एक जनुक बसवलेल्या उंदरांच्या पेशी विशिष्ट रसायनाने निळ्या होत. वृषणातल्या अशा पेशी त्यांनी वंध्य उंदरांच्या वृषणात सोडल्या. त्या तिथे रुजल्या, त्यांतून शुक्राणू तयार झाले, इतकेच नव्हे तर पिल्लेही जन्मली! हे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झाले. कर्करोगावरील काही औषधांनी लहान मुलग्यांमधल्या याच मूळ पेशी नष्ट होऊ शकतात. म्हणून उपचारांपूर्वी वृषणाची ऊती गोठवून ठेवता येईल का, हे पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.