एवढं मोठं जहाज धक्क्याला कोण लावतं?



मुंबईला सहलीला गेलेल्या काहीजणींनी गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने जाऊन घारापुरीची लेणी पाहिली असतील. पुन्हा गेलात तर त्या भागात उंच क्रेनची रांग दिसते, तिकडे बघा. ते उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा बंदर, १९८९ साली सुरू झालेलं. नाशिकची द्राक्षं आणि कांदा इथून परदेशी जातात.

हा माल कंटेनरमध्ये भरतात. कंटेनर म्हणजे वीस किंवा चाळीस फुटांची लोखंडी पेटी. द्राक्षांची पेटी वाटभर आतून थंड ठेवावी लागते. अशा हजारो पेट्या एकावर एक रचलेलं जहाज तीनशे मीटरहूनही लांब असतं.

भर समुद्रात ते आपल्या इंजिनावर चालतं. बंदरात शिरलं की मात्र त्याचं अवघड होतं. वाहत्या ओढ्यात हात आडवा धरला तर पाणी हाताला ढकलतं, साचलेल्या पाण्यात ढकलत नाही. जहाजाच्या सुकाणूचं तसंच आहे. वेग असेल तरच पाण्याचा जोर सुकाणूवर येतो आणि जहाज वळतं. धक्क्याजवळ वेग कमी करावाच लागतो. त्यात वारा आणि भरती-ओहोटी जहाजाला बाजूला रेटतात. गाडीसारखा ब्रेक तर नसतोच.

म्हणून टगबोटी येतात. दिसायला ठेंगण्या, कडेला रबराच्या जाड गाद्या, पण इंजिन भलतं दमदार. एक दोराने ओढते, दुसरी नाकाने ढकलते. त्यांना कधी, किती जोर लावायचा ते पायलट रेडिओवरून सांगतो. हा पायलट विमानाचा नव्हे, बंदराचा वाटाड्या. छोट्या बोटीने येऊन तो दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढतो. हे काम बायकाही करतात. रेश्मा निलोफर २०१८ साली कोलकाता बंदरात भारतातल्या पहिल्या महिला सागरी पायलट झाल्या.

एवढी काळजी कशासाठी? ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कललं, पेट्या समुद्रात पडल्या, तेल पसरलं. बंदरातली ये-जा काही दिवस थांबली. लोक मासळी घ्यायला घाबरू लागले. टक्कर झाली जहाजांची, पण फटका बसला कोळणींच्या टोपलीला. शेतातला नाशवंत माल धक्क्यावर अडकला, तर तीच झळ आपल्या घराला लागते.

तेव्हा लाँचमधून जहाज दिसलं की दोन गोष्टी बघा. पाण्यात खोल बसलं असेल, तर ते भरलेलं आहे. वर उचलल्यासारखं दिसून खालचा रंग उघडा पडला असेल, तर हलकं आहे. आणि त्याच्या कुशीला नाक टेकवून ढकलणारी बुटकी बोट दिसली, तर बरोबरच्या मुलांना तिचं काम नक्की सांगा.