मिश्र कडधान्ये व भाज्यांची थंड कोशिंबीर : कृती आणि आहारशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या आहारात कडधान्ये प्रामुख्याने उसळ व आमटी या रूपांत येतात, तर कोशिंबीर बहुधा कच्च्या भाज्यांची असते. या दोहोंचा संगम म्हणजे शिजवून थंड केलेल्या कडधान्यांची कोशिंबीर होय. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या पार्श्वभूमीवर लोहयुक्त व अल्पखर्चिक अशा या पदार्थाचा विचार महत्त्वाचा ठरतो. थंडपणा हा या पदार्थाचा गुण आहे आणि धोकाही आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साहित्य (सहा व्यक्तींसाठी) :
राजमा किंवा वाघ्या घेवडा १ वाटी, काबुली हरभरा व चवळी प्रत्येकी अर्धी वाटी, फरसबी १ वाटी, काकडी, गाजर, कांदा व ढोबळी मिरची प्रत्येकी १, लिंबे २, शेंगदाण्याचे तेल २ चमचे, जिरेपूड, मीठ व कोथिंबीर.

कृती :
१) कडधान्ये वेगवेगळी रात्रभर भिजवावीत व ते पाणी टाकून द्यावे.
२) चवळी लवकर शिजते, म्हणून ती स्वतंत्र शिजवावी. राजमा व हरभरा ताज्या पाण्यात उकळून पूर्ण मऊ करावेत.
३) फरसबीचे तुकडे ३-४ मिनिटे उकळून लगेच गार पाण्यात टाकावेत.
४) शिजलेली कडधान्ये निथळून पसरट ताटात निववावीत. कोमट असतानाच तेल व जिरेपूड लावावी, म्हणजे चव आत मुरते.
५) गार झाल्यावर ती झाकून शीतकपाटात ठेवावीत. चिरलेल्या भाज्या, लिंबाचा रस, मीठ व कोथिंबीर वाढण्यापूर्वी घालावी. मीठ आधी घातल्यास काकडीला पाणी सुटते.

विवेचन :
कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. अवघे ४-५ कच्चे दाणेही उलटी व जुलाबास कारणीभूत ठरू शकतात. केवळ गरम पाण्यात मुरवल्याने ते नष्ट होत नाही. किमान १० मिनिटे खळखळून उकळणे आवश्यक असते. वाघ्या घेवडा ही राजम्याचीच जात असल्याने त्यालाही हा नियम लागू होतो. उसळीला फोडणीनंतर पुन्हा आच मिळते. कोशिंबिरीला ती मिळत नाही. म्हणून कचवट राहिलेला दाणा येथे तसाच पोटात जातो. लिंबाचा रस शिजवताना घातल्यास आम्लतेमुळे दाणे मऊ होण्यास विलंब लागतो, हेही लक्षात घ्यावे.

कडधान्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यातील फायटिक आम्ल हा त्यातील एक अडथळा असून भिजवण्याने तो काही अंशी कमी होतो. क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढविते. परंतु ते उष्णतेने नाश पावते. लिंबू, ढोबळी मिरची व कोथिंबीर येथे न शिजवता येतात, म्हणून हे जीवनसत्त्व टिकते. जेवणासोबत चहा घेतल्यास मात्र त्यातील टॅनिन शोषणात बाधा आणते.

शिजलेली कडधान्ये ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात रेंगाळल्यास जीवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून दोन तासांच्या आत ती शीतकपाटात ठेवावीत. डब्यात न्यावयाची असल्यास भाज्या व लिंबू वेगळे न्यावेत आणि कडधान्ये थंड राहतील अशी व्यवस्था करावी.

निष्कर्ष :
कडधान्य पूर्ण शिजवावे, लवकर थंड करावे व लिंबू शेवटी पिळावे, या तीन गोष्टींवर या पदार्थाची सुरक्षितता व पोषणमूल्य अवलंबून आहे. सोबत ज्वारीची भाकरी घेतल्यास तृणधान्य व कडधान्य यांतील प्रथिने परस्परपूरक ठरतात आणि अल्प खर्चात सकस भोजन सिद्ध होते.