घामाचा हिशेब

स्नायूंमध्ये ऊर्जेची मोठी गळती असते. पळताना किंवा सायकल चालवताना अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा कामी येतो; उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ६० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने तासभर पळला, तर त्याच्या अंगात साधारण ४५० ते ५०० किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती अंगातच कोंडून राहिली, तर तासाभरात शरीराचे तापमान नऊ-दहा अंशांनी चढेल. म्हणजे अर्ध्या वाटेवरच ४२ अंश सेल्सियसची जीवघेणी रेषा गाठली जाईल. घाम येतो तो ही उष्णता बाहेर काढण्यासाठी. मेहनतीशी त्याचे नाते आहे, पण ते उष्णतेच्या मध्यस्थीने जुळलेले आहे. हवा, वारा, कपडे, देहाचा आकार आणि सवय यांपैकी काहीही बदलले की तेवढ्याच मेहनतीला येणारा घाम बदलतो.

मराठीत घाम गाळणे म्हणजे कष्ट करणे आणि घामाचा पैसा म्हणजे कष्टाची कमाई. उन्हात नांगर धरणाऱ्याच्या बाबतीत भाषेने बांधलेली ही सांगड चोख आहे. बंद खोलीत ट्रेडमिलवर चालणारा मात्र भिजलेल्या बनियनवरून आपल्या व्यायामाची किंमत ठरवू लागला, की तीच सांगड फसवते.

घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या. काखेत आणि जांघेत असणाऱ्या अपोक्राइन ग्रंथींचा शरीर थंड ठेवण्याशी फारसा संबंध नाही. खरे काम करतात त्या अंगभर पसरलेल्या २० ते ४० लाख एक्राइन ग्रंथी. मेंदूतील हायपोथॅलॅमस रक्ताच्या आणि त्वचेच्या तापमानावर नजर ठेवतो आणि मज्जातंतूंमार्फत या ग्रंथींना हुकूम देतो. तळहात-तळपायांचा घाम मुख्यतः मनाच्या ताणाने सुटतो, बाकी अंगाचा उष्णतेने; हा भेद जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञ यास कुनो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीट मांडला.

घामाचे सारे कर्तृत्व त्याच्या वाफ होण्यात आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. वर सांगितलेल्या धावपटूला हिशेबाने ८०० मिलिलिटरच्या आसपास घाम पुरावा, पण त्यातला थेंब न् थेंब उडाला तरच. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला थेंब जवळजवळ वाया गेलेला असतो. त्याने पाणी खर्च केले, मीठ खर्च केले आणि थंडावा मात्र दिला नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या घामात म्हणूनच निकामी घामाचा वाटा मोठा असतो. ज्याने खरे काम केले, तो दिसण्यापूर्वीच नाहीसा झालेला असतो. घामाच्या साऱ्या शास्त्रात याइतकी सुंदर आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

या गोष्टीचा सर्वांत नाट्यमय पडताळा अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे. १७७४ मध्ये लंडनला डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी तापवलेल्या खोल्यांचे प्रयोग मांडले. चार्ल्स ब्लॅग्डेन, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर ही मंडळी त्यांत उतरली. कोरड्या हवेचे तापमान वाढवत नेत शेवटी ब्लॅग्डेन २६० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सियसच्या हवेत काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आले. प्रयोगांत त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक शिजली आणि मांसाचा तुकडा पाऊण तासात भाजून कोरडा पडला. जिवंत माणूस मात्र शिजला नाही. ब्लॅग्डेन यांचे वृत्तांत १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि शरीर थंड राहण्यात बाष्पीभवनाचा हात असल्याचे त्यांनी त्यांत नोंदवले.

त्याच वृत्तांतातला दुसरा प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण घामाच्या दृष्टीने तो जास्त मोलाचा आहे. फोर्डाइस यांनी त्याआधी वाफेने भरलेल्या, तुलनेने बऱ्याच कमी तापलेल्या खोलीत थांबून पाहिले होते. तिथे त्यांच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या. हा सगळा घामच, असे कुणीही म्हटले असते. फोर्डाइस यांनी शरीराइतके कोमट पाणी भरलेला काचेचा चंबू तिथे धरला आणि त्याच्यावरूनही तशाच धारा वाहू लागल्या. बरेचसे पाणी अंगातून येत नव्हते. हवेतली वाफ अंगावर जमून ओघळत होती. निथळणाऱ्या अंगावरून श्रमाचा अंदाज बांधू नये, हे एवढ्या सोप्या साधनाने सिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

महाराष्ट्रात हाच धडा प्रत्येक उन्हाळ्यात माठ देतो. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेले पाणी उडते आणि आतले पाणी गार होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४४ वर असताना आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३-२४ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी तोच तापमापक २८ च्या वर अडतो. म्हणून विदर्भात माठ आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दोन्ही चोख काम करतात आणि किनाऱ्यावर दोन्ही हताश होतात. माणसाचे अंग हाही एक चालता माठच. नागपूरचा धावपटू कोरडा दिसतो, कारण त्याचा घाम उडतो. वरळीच्या समुद्रकिनारी पळणारा चिंब होतो, कारण त्याचा घाम उडायला हवेत जागा नाही. मेहनत दोघांची सारखी असू शकते. किंबहुना पाण्याचा तोटा कोरड्या दिसणाऱ्याचा जास्त असू शकतो, आणि तो दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचा.

वाऱ्याचेही तसेच. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने सायकल चालवणाऱ्याला तेवढ्याच वेगाचा वारा फुकट मिळतो. तोच स्वार तेवढेच बळ लावून घरात स्थिर सायकलवर बसला, तर पंख्याविना काही मिनिटांत हँडलखाली थारोळे साचते. कोल्हापूरच्या जुन्या धाटणीच्या तालमीत पहाटे डोकावले, तर कोंदट हवेत जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानांची अंगे तेल लावल्यासारखी चमकत असतात. कुस्तीच्या हौद्यातील तांबडी माती हळद, तेल, ताक आणि लिंबू घालून मळलेली असते. ती अंगाला लागली की निसरडेपण जाते आणि पकड बसते. पैलवानाची मेहनत अफाट असते यात शंका नाही, पण तिचा पुरावा त्याच्या मांडीत आणि मानेत आहे. घामाच्या धारांत तालमीच्या कोंडलेल्या हवेचाही मोठा हात असतो.

पोहणारा तर घाम गाळताना कधी दिसतच नाही. कोमट तलावात जोराने पोहताना घाम येतो, पण पाण्यात पाणी मिसळते.

घाम तंदुरुस्तीबद्दल काही सांगतो का, या प्रश्नाचे उत्तर लोकसमजुतीच्या उलट बाजूने सुरू होते. नियमित सराव करणाऱ्याला घाम लवकर येतो. शरीराचे तापमान थोडे चढताच ग्रंथी जाग्या होतात आणि प्रत्येक ग्रंथी जास्त पाझरते. व्यायामशाळेत शेजाऱ्याआधी भिजणारा माणूस त्यामुळे कच्चा ठरत नाही. त्याची शीतयंत्रणा तत्पर झाली असण्याचा संभव मोठा.

ही तत्परता कशी कमावली जाते, याचे बरेचसे ज्ञान दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतून आले. खडक फोडताना उडणाऱ्या धुळीने फुप्फुसे निकामी होत, म्हणून ती दाबण्यासाठी पाणी मारण्याची पद्धत आली. धूळ बसली, पण खोल, तापलेल्या बोगद्यांतली हवा दमट झाली आणि १९२० च्या दशकात कामगार उष्माघाताने मरू लागले. पुढे सिरिल विंडहॅम, स्ट्रायडम आदी संशोधकांनी नव्या कामगारांना खाली उतरवण्याआधी गरम, दमट खोलीत दररोज काही तास तालावर पायरी चढ-उतार करायला लावण्याची पद्धत घडवली. पहिल्या दिवशी नाडी आणि ताप दोन्ही भडकत. आठवडाभरात तेच काम तोच माणूस कितीतरी सहज करू लागे. घाम लवकर सुटे, जास्त सुटे, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढे आणि नाडी उतरे. आजच्या खेळाडूंच्या उष्णतेच्या सरावामागे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, अल्प मजुरीवर राबणाऱ्या त्या खाणकामगारांची शरीरे आहेत. त्यांचा उल्लेख क्रीडाविषयक पुस्तकांत याहून ठळक असायला हवा.

या सवयीची दुसरी खूण घामाच्या चवीत असते. ग्रंथीच्या तळाशी तयार होणारा द्रव बराच खारट असतो. वर येताना नळीच्या भिंती त्यातले सोडियम परत शोषून घेतात. सरावलेल्या शरीरात अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे हे शोषण वाढते आणि घाम पातळ, कमी खारट होतो. ही कमाई १० ते १४ दिवसांत होते आणि सराव सुटला की काही आठवड्यांत ओसरते.

तरीही घाम मोजून तंदुरुस्ती ठरवता येत नाही. कॅनडात ऑली जे या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देहाचा आकार सारखा, पण तंदुरुस्तीत मोठा फरक असलेली माणसे घेतली. तंदुरुस्त आणि कमी तंदुरुस्त अशा दोन्ही प्रकारच्या माणसांनी सारखीच उष्णता निर्माण होईल एवढे काम केले, तेव्हा अंगभर आलेला घाम जवळपास सारखा भरला. प्रत्येकाला त्याच्या कुवतीच्या ठरावीक टक्क्यांवर राबवले, तेव्हा तंदुरुस्ताला जास्त घाम आला. कारण त्याची कुवत मोठी, काम मोठे आणि उष्णताही मोठी. स्थूल देहाला हलायलाच जास्त ऊर्जा लागते, म्हणून तोही जास्त भिजतो. स्त्रियांना सरासरीने कमी घाम येतो, आणि त्यातला बराचसा फरक देहाच्या आकाराचा व निर्माण झालेल्या उष्णतेचा असतो. एकाच चिंब सदऱ्याची इतकी कारणे असू शकतात.

मेहनत मोजायला श्वास जास्त भरवशाचा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, चोविसाव्या अध्यायात, निम्म्या बळाने व्यायाम करावा असे सांगून त्या निम्म्याची खूण दिली आहे: व्यायाम करता करता श्वास तोंडावाटे येऊ लागणे. कपाळ, नाक, काखा आणि सांध्यांवर घाम व तोंडाला कोरड ही लक्षणेही परंपरेत सांगितली जातात, पण सुश्रुताने आधी श्वास धरला, ही निवड अचूक आहे. आजची बोलण्याची कसोटी त्याच जातीची: सलग बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम, चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तो जोराचा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी जाणिवेची मोजपट्टी बनवली. तरुण, निरोगी माणसाच्या आकड्याला १० ने गुणले की नाडीचा अंदाज येतो. तंदुरुस्तीसाठी विश्रांतीतली नाडी, थांबल्यावर मिनिटभरात ती किती उतरते आणि शरीर कमाल किती प्राणवायू वापरू शकते हे पाहतात.

घामाने वजन उतरते, पण ते पाण्याचे: एक लिटर, एक किलो. रबरी पट्टे आणि न झिरपणारे पोशाख चरबी वितळवत नाहीत. ते वाफेची वाट अडवून घाम वाढवतात. बाष्पीभवनाने नेलेल्या ५८० किलोकॅलरी ही आधीच जळून गेलेल्या इंधनाची उष्णता, नव्याने जाळलेले इंधन नव्हे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशा मार्गांनी वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले आणि त्या कुस्तीत रबरी पोशाखांवर बंदी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रात्रभर वजन उतरवण्याची शिकस्त करूनही विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि अंतिम लढतीला मुकल्या.

किती पाणी प्यावे हे ठरवायला व्यायामाआधी आणि नंतर वजन करणे हा घरगुती, उत्तम उपाय. बहुतेकांना तासाला अर्धा ते दोन लिटर घाम येतो. १९८४ च्या ऑलिम्पिकपूर्वी मॅरेथॉनपटू अल्बर्टो सालाझार यांचा ३.७ लिटर मोजला गेला होता. गेलेल्यापेक्षा जास्त पिणेही वाईट: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले.

सर्वांत घातक गैरसमज उष्माघाताचा आहे. उष्माघातात घाम थांबतो आणि कातडी कोरडी पडते, असे शाळेपासून शिकवले जाते. श्रमातून आलेल्या उष्माघातात मात्र रुग्ण बहुधा घामाने ओला असतो. धावणारा भेलकांडतो, असंबद्ध बोलतो किंवा कोसळतो, तेव्हा कातडी कोरडी होण्याची वाट पाहायची नसते. मदत बोलावतानाच त्याला बर्फाच्या पाण्यात बसवायचे असते, ते नसेल तर अंगभर गार पाणी ओतत वारा घालायचा असतो. हेच सालाझार १९७८ मध्ये अमेरिकेतील फॅल्मथच्या शर्यतीअखेर १०८ अंश फॅरनहाइट तापाने कोसळले होते. बर्फाच्या पाण्यात ठेवल्यावर वाचले. त्याच शर्यतीत पुढे १८ वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे २७४ रुग्ण आढळले. सर्वांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड केले गेले आणि एकही दगावला नाही.