दहाव्या वर्षीची वाटणी

फी नसलेल्या जर्मन शाळांतही समान संधी का मिळत नाही, आणि जर्मनीला निघालेल्या मराठी कुटुंबांनी हे आधीच का समजून घ्यावे

जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही. देणगी, 'बिल्डिंग फंड' असले काही नाही, आणि सरकारी विद्यापीठांतही जर्मन विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क पडत नाही. आपल्याकडे बालवर्गाच्या प्रवेशासाठी कर्ज काढणाऱ्या आईबापांना हे ऐकून हेवाच वाटेल. तरीही घरची परिस्थिती पाहून मुलाच्या शिक्षणाचा अंदाज बांधता यावा अशा श्रीमंत देशांत जर्मनीचे नाव गेली पंचवीस वर्षे सातत्याने घेतले जाते. फी नसेल तर समता आपोआप येईल, हा आपला समज तपासायला जर्मनीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

चौथीचे प्रगतिपुस्तक

जर्मनीत प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, बहुतेक राज्यांत चौथीपर्यंतच असते. पुढे वाटा फुटतात. अबिटुर परीक्षेपर्यंत आणि तिथून विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियुम. मधल्या दर्जाची रेआलशूले दहावीपर्यंत जाते. लवकर कामधंद्याला लावणारी हाउप्टशूले बव्हेरिया राज्यात मिटेलशूले या नावाने चालते. अनेक राज्यांत सर्वांना एकत्र शिकवणाऱ्या शाळाही आहेत. पण गिम्नाझियुम हात लावू न देता सगळीकडे टिकून आहे.

शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने सोळा राज्यांचे सोळा नियम. सर्वांत कडक बव्हेरिया. तिथे चौथीच्या वर्षात मेच्या सुरुवातीला मुलाच्या हातात एक प्रगतिपुस्तक पडते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत रेआलशूले, नाहीतर मिटेलशूले. (तिथे १ हा सर्वोत्तम शेरा आणि ६ सर्वांत वाईट.) थोडक्यात हुकलेल्यांसाठी तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात. बव्हेरियातले पालक या चौथीला थट्टेने 'प्राथमिकचे अबिटुर' म्हणतात, आणि नऊ वर्षांच्या मुलांच्या शिकवण्या सुरू होतात.

ही चार वर्षेसुद्धा झगडून मिळालेली आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वी सुखवस्तू घरांतली मुले फी भरून वेगळ्या पूर्वशाळांत जात आणि थेट गिम्नाझियुममध्ये पोहोचत. १९२० च्या कायद्याने त्या पूर्वशाळा मोडीत काढायचे ठरले आणि निदान चार वर्षे सगळ्या मुलांनी एका बाकावर बसावे असे वायमार प्रजासत्ताकाने ठरवले. ती तडजोड होती. शंभर वर्षे उलटली, पण बहुतेक राज्ये तिथून पुढे सरकलेली नाहीत. फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे.

सारखे गुण, वेगळी शिफारस

वाटणी निव्वळ गुणवत्तेवर होत असती तर वाद लहान असता. २००८ मध्ये माइन्त्स विद्यापीठाच्या संशोधकांनी विसबाडेन शहरातल्या चौथीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी २.० असलेली मुले घेतली, म्हणजे अभ्यासात सारखीच चांगली. त्यांपैकी शिकलेल्या आणि चांगल्या मिळकतीच्या घरांतल्या ९७ टक्के मुलांना शिक्षकांनी गिम्नाझियुमची शिफारस केली होती. कमी शिकलेल्या, कमी मिळकतीच्या घरांत हे प्रमाण ७६ टक्के होते. शिक्षक दुष्ट होते असे नाही. गिम्नाझियुममध्ये गृहपाठाला घरून मदत लागते, अडचण आली तर शिकवणी लावावी लागते, आणि हे त्या घरात जमेल का, हा विचार शिक्षक मुलाच्या काळजीपोटीच करतात. पण काळजीपोटी बंद झालेले दारही बंदच असते.

म्युनिकच्या इफो संस्थेने २०२३ मध्ये हाच प्रश्न साऱ्या देशाला लावून पाहिला. आईबाप दोघेही अबिटुर झालेले, मिळकत वरच्या थरातली आणि कुटुंब स्थलांतरित नसेल, तर मूल गिम्नाझियुममध्ये असण्याची शक्यता ८०.३ टक्के. एकटे पालक, अबिटुर नाही, मिळकत खालच्या थरातली आणि कुटुंब स्थलांतरित असेल, तर २१.५ टक्के. पुढच्या वर्षी याच संस्थेने राज्यांची तुलना केली. सर्वांत कमी दरी बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये निघाली, म्हणजे जिथे मुले सहावीपर्यंत एकत्र शिकतात तिथे. सर्वांत मोठी दरी बव्हेरिया आणि सॅक्सनीत. एवढ्यावरून कार्यकारणाचा निवाडा होत नाही, पण बोट कुठे ठेवायचे ते कळते.

आरशात पाहिलेले तोंड

कवी-विचारवंतांचा देश म्हणून स्वतःकडे पाहणाऱ्या जर्मनीला डिसेंबर २००१ मध्ये जबर धक्का बसला. पंधरा वर्षांच्या मुलांची पहिली 'पिसा' चाचणी आदल्या वर्षी झाली होती. तिच्यात वाचनाच्या यादीत एकतीस देशांत जर्मनी एकविसाव्या स्थानी निघाली. त्याहून झोंबणारी गोष्ट म्हणजे घरची परिस्थिती आणि वाचनाचे गुण यांची सांगड सर्वांत घट्ट जर्मनीतच होती. 'पिसा-शॉक' हा शब्द तेव्हापासून तिथल्या भाषेत रुजला.

या धक्क्याने बरेच हलवले. सर्व राज्यांना समान असे शैक्षणिक निकष ठरले, ते मोजणारी संस्था २००४ मध्ये बर्लिनला उभी राहिली. दुपारी बाराला सुटणाऱ्या शाळा दिवसभर चालाव्यात म्हणून केंद्राने ४०० कोटी युरो दिले. एक वर्षावरील प्रत्येक बाळाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क २०१३ पासून मिळाला. दहाएक वर्षे गुण वाढलेही. मग पुन्हा घसरण लागली. २०२१ च्या वाचन पाहणीत चौथीच्या चारपैकी एका मुलाला किमान अपेक्षेइतके वाचता येत नव्हते, आणि २०२२ च्या पिसात जर्मनीने आपले आजवरचे सर्वांत कमी गुण घेतले.

आपल्याकडे काय झाले? २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश पिसाला बसले, यादीच्या तळाशी गेले, आणि त्यानंतर भारताने ही चाचणी दिलेलीच नाही. आरशात तोंड वाईट दिसले तर जर्मनीने तोंड धुतले, आपण आरसा उचलून ठेवला.

शाळा कोण बदलतो

२००६ च्या मार्चअखेर बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या र्‍युटली हाउप्टशूलेच्या शिक्षकांचे एक पत्र वृत्तपत्रांत आले. आम्ही हरलो, असे ते पत्र होते. काही वर्गांत जाताना मदत मागवता यावी म्हणून शिक्षक मोबाइल सोबत नेत होते. ८० टक्क्यांहून अधिक मुले स्थलांतरित घरांतली, पण त्यांच्या संस्कृतीतला एकही कर्मचारी शाळेत नव्हता. या प्रकारची शाळाच मोडीत काढा, अशी मागणी शिक्षकांनीच केली होती. देशभर गहजब झाला, कॅमेरे फाटकाशी उभे राहिले.

पुढची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. शेजारची रेआलशूले आणि प्राथमिक शाळा र्‍युटलीत विलीन करून एकत्र शाळा उभारण्यात आली. त्या रेआलशूलेच्या मुख्याध्यापिका कोर्डुला हेकमान यांनी ती पुढे अनेक वर्षे चालवली. आजूबाजूला बालवाड्या आणि युवा केंद्र आणून 'काम्पुस र्‍युटली' झाले. २०१४ मध्ये इथली पहिली तुकडी अबिटुर उत्तीर्ण झाली. वस्ती तीच होती, घरे तीच होती. बर्लिनने तर २०१० पासून हाउप्टशूले हा प्रकारच बंद केला.

र्‍युटलीचे पत्र गाजत होते त्याच वर्षी पहिला 'जर्मन शाळा पुरस्कार' डॉर्टमुंडच्या क्लाइने कीलश्ट्रासे या प्राथमिक शाळेला मिळाला. शहराच्या गरीब उत्तर भागातली ही शाळा, बहुसंख्य मुले परक्या भाषेच्या घरांतली. मुख्याध्यापिका गिझेला शुल्टेब्राउक्स-बुर्गकार्ट यांनी आयांसाठी शाळेतच कॅफे सुरू केले. ज्या आईला शिक्षकांशी बोलायची भीती वाटते, तिला आधी शाळेत येऊन बसायची सवय व्हावी, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. दोन्ही ठिकाणी नेतृत्व म्हणजे भाषण नव्हते. शाळेच्या कुंपणाबाहेरचा मोहल्लाही आपल्याच कामात मोडतो, हे मान्य करणे होते.

मत कोणाचे

मुख्याध्यापक शाळा बदलू शकतो, पण वाटणीचे वय बदलणे सरकारचे काम. हॅम्बुर्गने ते करून पाहिले. प्राथमिक शाळा सहा वर्षांची करण्याच्या सुधारणेला तिथल्या विधानसभेतल्या चारही पक्षांनी पाठिंबा दिला होता. गिम्नाझियुमवाल्या पालकांनी वकील वाल्टर शॉयर्ल यांच्या पुढाकाराने सह्या गोळा केल्या आणि १८ जुलै २०१० रोजी सार्वमत झाले. सुधारणा पडली. महापौर ओले फॉन बॉइस्ट यांनी त्याच दिवशी पद सोडत असल्याचे सांगितले.

मतदान सुमारे ३९ टक्के झाले. एल्बे नदीकाठच्या श्रीमंत उपनगरांत लोक हिरिरीने उतरले, गरीब वस्त्यांत फार थोडे. ज्यांच्या मुलांना दोन वर्षे जास्त मिळणार होती त्यांतल्या कित्येकांकडे जर्मन नागरिकत्व नव्हते, म्हणून मतही नव्हते. शाळेची खरी लढाई ही कोणाला बोलता येते याची लढाई असते, हे इतके उघडे क्वचितच दिसते.

हॅम्बुर्ग मात्र थांबले नाही. वाटणीचे वय बदलले नाही तरी वाटा दोनच उरल्या: गिम्नाझियुम आणि श्टाटटाइलशूले. अबिटुर दोन्हीकडून देता येते. साडेचार वर्षांच्या प्रत्येक मुलाची भाषा तपासली जाते, जर्मन कच्ची असेल तर पूर्वशाळा सक्तीची. वस्तीच्या गरिबीनुसार प्रत्येक शाळेला निर्देशांक आहे आणि जास्त गरज तिथे जास्त शिक्षक. हेच तत्त्व ऑगस्ट २०२४ पासून देशपातळीवर आले. 'श्टार्टचान्सेन' योजनेत केंद्र आणि राज्ये मिळून दहा वर्षांत २००० कोटी युरो सुमारे ४००० शाळांना देणार आहेत, आणि त्यातला मोठा वाटा प्राथमिक शाळांना जाईल. सगळ्यांना सारखे देण्याची सवय असलेल्या व्यवस्थेने ज्याला कमी त्याला जास्त देणे, हा तिथे मोठा बदल आहे.

आपल्याला मात्र यात जुनी ओळख पटावी. १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच मांडले होते: महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना. आजही जर्मनीच्या अनेक भागांत बालवाडीला शुल्क आहे आणि विद्यापीठ मोफत. म्हणजे गवंड्याने मुलाच्या बालवाडीचे पैसेही भरायचे आणि करातून डॉक्टरच्या मुलाचे विद्यापीठही चालवायचे.

मराठी घरांसाठी

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. आयटी आणि मोटारउद्योगातली मराठी कुटुंबे तिथे वर्षानुवर्षे आहेत. त्यांची मुले सहसा गिम्नाझियुममध्ये जातात, कारण आईबाप पदवीधर आहेत आणि वेळ पडली तर शिकवणी लावू शकतात. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तो परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा वेगळ्या मराठी घरांसाठी. तिथल्या भाषेत सांगायचे तर ही 'अबिटुर नसलेली, स्थलांतरित' कुटुंबे. आणि याच राज्याने २०१२ मध्ये पालकांच्या हाती दिलेला शाळा निवडीचा अधिकार आता पुन्हा आवळला आहे. शिक्षकांची शिफारस किंवा 'कोम्पास ४' ही चौथीची परीक्षा, यांपैकी एकही गिम्नाझियुमच्या बाजूने नसेल तर मुलाला वेगळी चाचणी द्यावी लागते.

म्हणून जाणाऱ्यांनी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. आठ-नऊ वर्षांचे मूल नेत असाल तर त्याची वाटणी वर्षा-दोन वर्षांत, त्याला नुकत्याच कळू लागलेल्या भाषेत होणार आहे. जर्मन वर्ग आईबापांइतकाच मुलालाही निघण्यापूर्वी लावा. पालकसभा चुकवू नका आणि शिक्षकांशी तिसरीतच बोला. तिथे न बोलणारा पालक सभ्य मानला जात नाही, त्याला रस नाही असे धरले जाते. घरी मराठीच बोला, मोडकी जर्मन नको. मुलाची भाषा घट्ट असेल तर दुसरी भाषा तिच्यावर चढते. आणि गिम्नाझियुम हुकले तर जग बुडत नाही: एकत्र शाळा आहेत, व्यवसाय-गिम्नाझियुम आहेत. कारखान्यात शिकत पगार घेण्याची तिथली उमेदवारी तर आपल्या आयटीआयला हेवा वाटावा अशी आहे. तिथून 'माइस्टर' झालेल्याला विद्यापीठाचे दारही खुले आहे.

जर्मनी मुलांची वाटणी दहाव्या वर्षी प्रगतिपुस्तक पाहून करते. आपण ती तिसऱ्या वर्षी, बापाची पावती पाहून करतो. त्यांच्याकडून निदान एक गोष्ट लगेच घेण्यासारखी आहे: दरी मोजायची, आकडे राज्यवार छापायचे, आणि सर्वांत अडचणीतल्या शाळेला सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत चांगला मुख्याध्यापक द्यायचा. महाराष्ट्रात पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याचे निकष आहेत. गरज जास्त म्हणून शाळेला जास्त देण्याचा निकष आधी ठरवा, एवढी मागणी प्रत्येक पालकाने आपल्या आमदाराकडे करायला हरकत नाही.