ध्येय आणि श्वास

ध्येय ठरविताना प्रत्येकाने आपल्या सामर्थ्याचा हिशेब मांडावा, असे आपण विद्यार्थ्यांस सांगतो. परंतु ते सामर्थ्यच ऐन उमेदीत हिरावले गेले तर काय करावे? धार-देवासच्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको.

पं. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाच्या उपचारासाठी देवासला आले, तेव्हा ते अवघे 23 वर्षांचे होते. बालपणापासून मैफली गाजविलेल्या या गायकास डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली. अंथरुणावरून ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. ऐकावयास फुफ्फुसाचे बळ लागत नाही. ध्येय सुटले नाही, त्याचे रोजचे काम तेवढे बदलले. मैफल दूर होती. एखादी धून नीट ध्यानी धरणे आजच्या आवाक्यात होते. उमेद तगते ती अशा कामावर. नुसत्या निश्चयाची महती आपण शाळांतून जरा अधिकच गातो.

सुमारे पाच वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले. (यात स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हाच्या नव्या औषधाचा वाटा मोठा; सारे श्रेय मनोबलास देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.) एक फुफ्फुस मात्र कायमचे दुबळे झाले होते. त्या श्वासाला पेलतील अशा छोट्या, टोकदार स्वरावलींची गायकी त्यांनी घडविली. लोकधुनांतून मालवती, लगनगंधार यांसारखे राग उभे राहिले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपचारापुरते निवडलेले देवास त्यांनी 1992 साली निधन होईपर्यंत सोडले नाही.