शेळ्यांच्या आधी जाळी

शेळ्यांसाठी दिलेल्या दानातला एवढा वाटा तारेवर का जातो, असं काही मंडळ्यांतून विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे.

सातपुड्यातल्या पाड्यांवर बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं. पावसाळ्यात ते कुजतं, उरलेलं वाळवी खाते. मग शेळी शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरते आणि दोन घरांत भांडण लागतं. काटेरी तार स्वस्त, पण शेळी दोन तारांमधून अंग काढतेच. कास फाटते ती वेगळी.

म्हणून आम्ही ४ फूट उंचीची चेनलिंक जाळी घेतो. भोक २ इंचांचं. मोठं असलं की शिंगांची शेळी मान घालून अडकते. ही जाळी किलोवर मिळते, त्यामुळे बारीक तारेची घेतली तर त्याच पैशांत लांब भरते. मोह तिथेच होतो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १४ गेज जेमतेम २. मी दुकानात व्हर्नियर घेऊन जातो. दुकानदार हसतात, हसू देत. चकाकीवर भुलू नये. दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे, ते बिलावर लिहून मागावं. जस्त झिजलं की गंज धरलाच.

कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू हवेत, नाहीतर ताणलेली जाळी सैल पडते. बिबट्याला मात्र ४ फूट म्हणजे काहीच नाही. त्यासाठी रात्रीच्या गोठ्याला वरूनही जाळी लावतो, आणि तो खर्च हिशेबात वेगळा दाखवतो.