पंधरा मिनिटांची चुकामूक

शाळेतलं प्रेम वीस वर्षांनी पुन्हा समोर येतं, अशा जपानी मालिका मी मधल्या चुकामुकीसाठी बघते. शेवटी दोघं भेटणार हे पहिल्या भागातच कळलेलं असतं. तोवर त्यांना एकमेकांपासून लांब कसं ठेवायचं, यात लेखकाचा कस लागतो.

अशीच एक ‘फर्स्ट लव्ह’, तिची माहिती आधी उरकून घेते. नोव्हेंबर २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही नऊ भागांची मालिका, दिग्दर्शन युरी कान्चिकु यांचं. उतादा हिकारू यांच्या दोन गाण्यांवरून ती सुचली : १९९९चं ‘फर्स्ट लव्ह’ आणि २०१८चं ‘हात्सुकोई’. होक्काइदोतली दोन शाळकरी मुलं, याए आणि हारुमिची. तिला हवाईसुंदरी व्हायचंय, तो वैमानिक होतो. मोठेपणी ती साप्पोरोत टॅक्सी चालवते, घटस्फोटित आहे, एका मुलाची आई आहे. हिकारी मित्सुशिमा आणि ताकेरु सातो यांची कामं सुरेख आहेत. झालं.

आता चुकामुकीकडे वळते. या कलेचं घराणं थेट रेडिओपर्यंत जातं. १९५२ ते १९५४ या काळात एनएचकेवर ‘किमि नो ना वा’ ही श्रुतिका चालली, लेखक काझुओ किकुता. (याच नावाचा २०१६चा अ‍ॅनिमेशनपट वेगळा.) टोकियोवर बॉम्ब पडत असताना दोन अनोळखी जीव एकमेकांना वाचवतात आणि नावंही न विचारता ठरवतात, की जगलोवाचलो तर सहा महिन्यांनी याच सुकियाबाशी पुलावर भेटू. मग चुकामुकीवर चुकामूक, आणि सगळा देश रेडिओला कान लावून. ही श्रुतिका लागली, की सार्वजनिक न्हाणीघरांतली बायकांची बाजू ओस पडायची, अशी दंतकथा आहे. ती सिनेमाच्या जाहिरातीसाठी मारलेली थाप होती असंही म्हणतात. थाप असली तरी फक्कड आहे. १९५३मध्ये सिनेमा आला. होक्काइदोतल्या चित्रीकरणात थंडी सोसेना, म्हणून नायिका केइको किशी हिनं स्वतःची शाल डोक्यावरून मानेभोवती गुंडाळली, तर नायिका माचिकोच्या नावानं तीच फॅशन देशभर पसरली.

टोकियोतल्या गिंझात गेले तेव्हा मी हौसेनं तो पूल शोधला. पूल नाही आणि खाली पाणीही नाही. खंदक बुजवून वरून उन्नत मार्ग नेलाय, त्यावरून २०२५पर्यंत वाहनं जायची. शेजारच्या छोट्या बागेत एक स्मारकशिला तेवढी आहे.

पुढची पायरी १९९१ची ‘टोकियो लव्ह स्टोरी’. एहिमे प्रांतातून टोकियोला आलेला कान्जी, त्याची शाळेतली मैत्रीण सातोमी आणि ऑफिसातली बिनधास्त रिका. मोबाइल नाहीत, त्यामुळे चुकायला भरपूर वाव. शेवटी रिका ४.४८च्या गाडीनं जाते म्हणून सांगते आणि ४.३३च्या गाडीनं निघून जाते. कान्जी धावत बाइशिन्जीच्या समुद्रकाठच्या स्टेशनात पोचतो, तर कठड्याला तिचा रुमाल बांधलेला. आजही प्रेक्षक तिथं जाऊन रुमाल बांधतात. त्या पंधरा मिनिटांवर मी पुस्तक लिहू शकेन.

मोबाइल आला आणि लेखकांची पंचाईत झाली. ‘कुठे आहेस?’ एवढं विचारलं, की कथाच संपते. मग उरतो स्मृतिभ्रंश. ‘विंटर सोनाटा’ या कोरियन मालिकेनं तो वापरला आणि एनएचकेवर २००३पासून जपानी बायकांना वेड लावलं. ‘फर्स्ट लव्ह’मध्येही अपघातानंतर याए हारुमिचीला पार विसरते. खरं सांगायचं तर ही युक्ती मला स्वस्त वाटते. इथे ती पचते, कारण आठवण परत येते ती डॉक्टरांमुळे नव्हे, जुन्या सीडी प्लेयरवर वाजणाऱ्या ‘फर्स्ट लव्ह’ याच गाण्यामुळे. जपानमध्ये हे गाणं असलेल्या त्याच नावाच्या अल्बमच्या सत्तर लाखांहून जास्त प्रती खपल्या, तेव्हा उतादांचं वय होतं सोळा. म्हणजे याएच्या पिढीत ज्याच्या त्याच्या घरी ही सीडी असणार. एका मुलीच्या डोक्यातून पुसलेलं गाणं सगळ्या प्रेक्षकांना मात्र पाठ आहे!

या मालिकेतली आणखी एक जागा मला फार आवडते : आसाहिकावातलं वाहतुकीचं वर्तुळ. सहा रस्ते तिथं येऊन मिळतात. जपानातही गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्यासारख्याच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. दोघं एकाच वर्तुळात फिरत असूनही भेटतील याची खात्री नाही. चुकामुकीचा नकाशा काढायला सांगितला, तर मी हाच काढेन.

तक्रार एकच. हारुमिचीची वाग्दत्त वधू त्सुनेमी (भूमिका काहोची) समुपदेशक आहे, समजूतदार आहे, प्रत्येक वेळी वेळेवर हजर असते, आणि तिलाच बाजूला व्हावं लागतं. रिकाचंही हेच झालं होतं. तिथेही शाळेतलीच मैत्रीण जिंकली. जुन्या प्रेमाला इतका वशिला का, हे मला कळत नाही. कुणी त्सुनेमीवर नऊ भाग काढले, तर मी सगळे एका रात्रीत बघेन.